पहिली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घेताय? कॅलिबरवरून भांडण्याआधी बोल्ट नीट बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळचा नाशिकचा मुलगा, आता न्यूझीलंडमध्ये टाउपोजवळ डेअरी फार्मवर कामाला, नुकतंच फायरआर्म्स लायसन्स हातात पडलंय आणि हरणाच्या शिकारीसाठी पहिली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घ्यायचीय. कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, .३०८ घेऊ का ६.५ क्रीडमूर? फार्मवरचा सीनियर म्हणतोय डायरेक्ट .३०० मॅग्नम घे, आणि घरात तीन वर्षांची पोर आहे म्हणून बायको टेन्शनमध्ये. "दादा, कुठली घेऊ आणि सेफ कशी वापरू" असं विचारलंयस.

तर मित्रा, मी कुडाळकडचा, हॅमिल्टनला राहून पंधरा वर्षं झाली, त्यातली तेरा-चौदा वर्षं जंगलात जातोय आणि महिन्यातून एक रविवार क्लबच्या रेंजवर नवीन लोकांसोबत उभा असतो. जे सांगतोय ते त्यातूनच.

आधी एक गोष्ट, कारण भारतातले नातेवाईक हे वाचून हमखास फोन करतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार बंद आहे आणि ते बरोबरच आहे. इथे गोष्ट उलटी आहे. वटवाघळं सोडली तर जमिनीवरचं एकही सस्तन जनावर ह्या देशाचं स्वतःचं नाही, हरणं इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात शौक म्हणून आणून सोडली, ती मोकाट वाढली आणि इथलं जंगल खाऊ लागली. त्यामुळे सरकारी जंगलात हरीण मारायचं परमिट ऑनलाइन फुकट मिळतं. गंमत म्हणजे आपला हिमालयातला ताहर नावाचा रानबकरा पण १९०४ मध्ये माउंट कुकजवळ आणून सोडलाय, आणि मानावातूकडे चक्क सांबर आहे, श्रीलंकेतून आणलेलं. पहिल्यांदा त्या सांबराची हाक ऐकली तेव्हा मला दोन मिनिटं वाटलं आपण आंबोलीतच आहोत.

आता रायफल. २०१९ च्या क्राइस्टचर्चच्या हल्ल्यानंतर इथे मिलिटरी टाइप सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या) सगळ्या बंद झाल्या, तेव्हा हरणासाठी म्हणजे जवळजवळ बोल्ट-अ‍ॅक्शनच. तशी ती आधीपासूनच होती म्हणा. कॉलेजात एनसीसी केली असशील तर फायरिंग रेंजवर पॉइंट टू टू चालवली असशील, ती बोल्ट-अ‍ॅक्शनच, फक्त छोटी. बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा, हाताने मागेपुढे सरकवायचा लोखंडी दांडा. त्याची दांडी वर उचल, मागे ओढ, पुढे ढकल, खाली दाब. १८९८ च्या माउझर रायफलपासून आजच्या टिक्का कंपनीच्या रायफलपर्यंत हा चार हालचालींचा हिशोब तोच आहे. आपल्याकडे लायसन्सवर मिळणारी ऑर्डनन्स फॅक्टरीची .३१५ सुद्धा त्याच खानदानातली, लष्कराच्या जुन्या ली-एनफील्डची बहीण.

पण ह्या मशीनचा सगळ्यात मोठा फायदा अचूकपणा नाहीये. फायदा हा की बोल्ट मागे ओढलेला असला की रायफल उडू शकत नाही, आणि ते तुलाच नाही तर दहा फुटांवर उभ्या असलेल्या माणसालाही नुसतं बघून कळतं. माझे आजोबा शेताच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक ठेवायचे, पीक संरक्षणाच्या लायसन्सवर, इलेक्शनची आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला मीच त्यांच्यासोबत जायचो. ते म्हणायचे, "भरलेली बंदूक माणसाक मारीत नाय, रिकामी मारता." ठासणीच्या बंदुकीत भरलंय का नाही हे बाहेरून दिसतच नाही ना. बोल्टमध्ये दिसतं. म्हणून मी नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगतो की सेफ्टी कॅच (ट्रिगर अडवणारी खिट्टी) विसर, बोल्ट उघडा दिसला तर सेफ, बंद दिसला तर भरलेली समज, मग ती दुकानातली असो नाहीतर तुझ्या बायकोच्या भावाची.

त्यामुळे दुकानात गेलास की पहिल्यांदा काउंटरवाल्याला बोल्ट उघडून दाखवायला सांग, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, बघ, मग हातात घे. आणि मग कॅलिबर विचारायच्या आधी दोन गोष्टी बघ. एक म्हणजे सेफ्टी लावलेली असताना बोल्ट उघडतो का? इथेच मॉडेलमॉडेलमध्ये फरक आहे आणि हे कोणी सांगत नाही. टिक्का टी३एक्स सेफ्टीवर टाकली की बोल्ट लॉक होतो, म्हणजे चेंबरमधला राउंड (काडतूस) काढायचा तर आधी सेफ्टी सोडावी लागते. होवा १५०० ला तीन पोझिशनची सेफ्टी आहे, मधल्या पोझिशनला ट्रिगर लॉक आणि बोल्ट मात्र चालतो. रुगर अमेरिकनची सेफ्टी अंगठ्याखाली असते आणि ती बोल्ट अडवत नाही. साकोच्या ८५ ला त्यासाठी वेगळं छोटं बटण दिलंय. ह्यात चूक-बरोबर काही नाही, झाडीतून घुसताना बोल्ट आपोआप उचलला जाऊ नये म्हणून लॉक होणारी पण चांगलीच, पण तुझी कशी चालते हे तुला झोपेत माहीत पाहिजे. पहिली रायफल आणि थंडीने बधिर झालेली बोटं, अशा वेळी मला मधल्या पोझिशनवाली बरी वाटते. मी स्वतः टिक्का वापरतो हा भाग वेगळा.

दुसरं म्हणजे हातमोजे घालून बोल्ट चालवून बघ. दुकानदार हसेल, हसू दे. दांडीचा गोळा हाताला लागतो का, पूर्ण मागे ओढताना गाल दस्त्यावरून (रायफलचा खांद्याला टेकणारा भाग) उचलावा लागतो का. होवा, रेमिंग्टनचा बोल्ट ९० अंश उचलावा लागतो, टिक्काचा ७० च्या आसपास, त्यामुळे वर बसवलेल्या स्कोपला (नेम धरायच्या दुर्बिणीला) बोटं कमी घासतात. आणि अर्धवट ओढायची सवय लागू देऊ नकोस. माझ्याकडे येणारे अर्धे लोक बोल्ट घाबरत घाबरत ओढतात, मग रिकामी केस (काडतुसाचं पितळी टरफल) बाहेर पडत नाही, नवीन राउंड तिच्यावर जाऊन अडकतो, आणि मग ते त्या अडकलेल्या अवस्थेत नळी कुठेही फिरवतात. मला बीपी तिथेच होतो.

कॅलिबरचं पटकन उरकतो, कारण ह्यावर लोक रात्रभर वाद घालतात आणि हरणाला काही फरक पडत नाही. .३०८ घे. १९५२ पासून आहे, कुठल्याही गावातल्या दुकानात गोळ्या मिळतात, १५० ग्रेनची गोळी साधारण सेकंदाला ८५० मीटरने निघते आणि टाउपो-काइमानावाच्या जंगलात तुला सिका हरीण पन्नास-शंभर मीटरवर दिसणार आहे, आठशेवर नाही. ६.५ क्रीडमूर पण छान, धक्का कमी, लांबवर चांगली, ती घेतलीस तरी मी नावं ठेवणार नाही. ७ एमएम-०८ म्हणजे .३०८ चीच केस तोंडाशी बारीक केलेली, बायकोलाही पुढे शिकायचं असेल तर उत्तम. .३०० मॅग्नम मात्र नको. त्याचा धक्का .३०८ च्या दीडपटीच्या आसपास जातो, तीन किलोच्या हलक्या रायफलमधून तो बसला की माणूस चौथ्या गोळीला ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतो, आणि एकदा ती सवय लागली की काढायला वर्ष जातं. सीनियरला सांग, ताहरला जाताना तुझी उसनी मागीन.

गोळी कुठलीही असो, रायफलच्या नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावर छापलेलं नाव एकच आहे का हे भरताना वाच. दोन रायफली आणि दोन डबे एकाच गाडीत असले की हे विसरायला होतं. माझा नियम, एका ट्रिपला एकच कॅलिबर.

मापाबद्दल बोलायला पाहिजे. मी पाच फूट चार इंच. कारखान्यातून येणारा दस्ता माझ्यापेक्षा उंच माणसासाठी बनवलेला असतो, मग आपण मान पुढे ताणतो, डोळा स्कोपच्या जवळ जातो आणि धक्का बसला की स्कोपची कडा भुवईवर. माझ्या उजव्या भुवईवर अर्धचंद्र आहे तो तसाच आलाय, पहिल्याच वर्षी, उसन्या रायफलवर, उताराच्या वर नेम धरून. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, कुठल्या देवळात जाऊन आलास? स्कोप आणि डोळा ह्यात साधारण नऊ सेंटिमीटर अंतर हवं, आणि ते उभ्याने, बसून, आडवं पडून, तिन्ही प्रकारे तपासायचं, दुकानात नुसतं उभ्याने नाही. डोळे मिटून रायफल खांद्याला लाव, मग उघड. पूर्ण गोल चित्र दिसलं तर माप बरोबर, काळी चंद्रकोर दिसली तर दस्ता नाहीतर स्कोप हलवावा लागेल. दस्ता सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर कापून घेणं हे काही पाप नाही, बंदूक दुरुस्त करणारे करून देतात.

पैशाचा हिशोब असा कर की रायफल मध्यम, स्कोप आणि माउंट (स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगा) चांगले, आणि उरलेले सगळे प्रॅक्टिसच्या गोळ्यांना. लोक उलटं करतात. महागडी रायफल घेऊन वर स्वस्तातली दुर्बीण, आणि रिंगचे स्क्रू हाताला येईल तसे आवळलेले. मग झीरो, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी लागते ती जागा ह्यांचा जुळवलेला मेळ, सरकतो आणि दोष रायफलला. टॉर्कवाला स्क्रूड्रायव्हर घे, रिंगला बहुतेक १५ ते २० इंच-पाउंड पुरतात, स्कोपच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. झीरो करताना आधी २५ मीटरवर कागदावर आण, मग १०० वर जा, तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरचा पुंजका, बघूनच स्कोपचा नॉब फिरव, एका गोळीवर नाही. बहुतेक स्कोपचा एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर सात मिलिमीटर, म्हणजे ग्रुप सहा सेंटिमीटर खाली असेल तर आठ-नऊ क्लिक वर. .३०८ असेल तर १०० वर चारेक सेंटिमीटर उंच ठेव, मग पावणेदोनशे-दोनशेपर्यंत काही गणित करावं लागत नाही.

आता हाताळणी. इथे सात नियम पाठ करून लायसन्सची परीक्षा दिलीयस, ते परत लिहीत नाही. प्रत्यक्षात कुठे गडबड होते ते सांगतो.

रिकामी करण्याचा क्रम. नळी डोंगराकडे किंवा मऊ मातीकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर. आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढ. मग बोल्ट पूर्ण मागे ओढ, चेंबरमधला राउंड बाहेर पडेल तो उचलून खिशात. मग आत बघ. मग अंधार असो नसो, करंगळी चेंबरमध्ये घाल. करंगळीला रिकामं भोक लागलं पाहिजे. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी बोल्ट चालवला आणि मॅगझिन तसंच राहिलं, की बोल्ट बंद करताना तू स्वतःच नवीन गोळी आत भरतोस आणि मनात मात्र "काढली की" असतं. एका हटमध्ये (जंगलातली मुक्कामाची झोपडी) आमच्याच ग्रुपमधल्या एकाने दिवसभर पावसात फिरून आल्यावर अस्सं केलं होतं. भिंतीला टेकवून ठेवलेली रायफल मी सवयीने उघडली आणि पितळेचा एक राउंड टुणकन लाकडी फळीवर पडला. पाच जण होतो, चहा उकळत होता, कोणी काही बोललं नाही. त्याने ती रायफल उचलली, बोल्ट काढला आणि ट्रिप संपेपर्यंत तो बोल्ट माझ्या बॅगेत होता, त्यानेच दिला.

चालताना मॅगझिन भरलेलं, चेंबर रिकामं, रिकाम्या चेंबरवर बोल्ट बंद. हरीण दिसलं, ओळखलं, मागची जागा बघितली, मग बोल्ट चालवून भरायचं. "तोवर पळून जाईल दादा" हे मला दरवेळी ऐकावं लागतं. जाऊ दे ना, परमिट फुकट आहे. बोल्ट हळू चालवला तर आवाज फारसा होत नाही, घरी रिकाम्या रायफलवर प्रॅक्टिस कर. काही जण चेंबर भरून बोल्टची दांडी अर्धी उचलून चालतात आणि त्याला सेफ म्हणतात, ते करू नकोस, फांदी लागली की दांडी खाली बसते. आणि भरलं पण गोळी झाडली नाही, तर जागेवरच परत रिकामी, दहा पावलं चालून मग नाही.

कुंपण, ओढा, निसरडा उतार आला की पूर्ण रिकामी कर. दोघं असाल तर एकाने धरायची, बोल्ट उघडा, दुसऱ्याने ओलांडायचं, मग पलीकडून घ्यायची. एकटा असशील तर बोल्ट उघडून कुंपणाखालून आडवी सरकव, नळी तुझ्याकडे नाही. पडलास आणि नळीचं तोंड चिखलात गेलं तर बोल्ट काढून मागून आरपार उजेड दिसतोय का बघ, नळीत थोडा चिखल असताना गोळी मारली तर नळी फुगते नाहीतर फाटते. तोंडावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावतात ती ह्यासाठी, ती फोडून गोळी जाते, काही होत नाही. फार्मवर क्वाड बाइकवर भरलेली रायफल अजिबात नाही, कायद्यानेही नाही.

ट्रिगर दाबला आणि नुसतं टक झालं, तर लगेच बोल्ट उघडू नकोस. नळी त्याच दिशेला धरून तीस सेकंद मनात मोज, कधी कधी दारू उशिरा पेटते. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर थांब, गोळी नळीतच अडकलेली असू शकते, नळीतून आरपार बघितल्याशिवाय दुसरी मारायची नाही. कानाला मफ लागतोच, सप्रेसर इथे कायदेशीर आहे आणि बहुतेक जण लावतात पण त्याने आवाज कमी होतो, बंद होत नाही. घरी आल्यावर सप्रेसर काढून ठेव, आत पाणी धरतं आणि नळीचे आटे गंजतात.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. मार्च संपता संपता इथे रोअर सुरू होतो, नर हरणं ओरडतात आणि शिकारी तोंडाने किंवा पाइपने तोच आवाज काढून त्यांना बोलावतात. माझा तिसरा सीझन. सकाळी धुकं, मी ओरडलो, समोरच्या कड्याखालून उत्तर आलं. परत ओरडलो, उत्तर जवळून आलं. वीस मिनिटं हे चाललं. मग मानुकाच्या झुडपामागे तपकिरी काहीतरी हललं, साठेक मीटरवर, आणि खरं सांगतो, मला शिंगं दिसली. होती म्हणून नाही, मला हवी होती म्हणून. सुकलेल्या फांद्या होत्या. मी रायफल न उचलता गळ्यातली दुर्बीण लावली, कारण मला ज्याने शिकवलं त्या म्हाताऱ्या माओरी माणसाने एकच गोष्ट डोक्यात बसवली होती की स्कोपमधून कधी शोधायचं नाही, स्कोप ज्या दिशेला त्या दिशेला नळी असते. दुर्बिणीत एक कोपर दिसलं. तपकिरी जॅकेटचं कोपर, आणि हातात पाइप. तो पण मलाच वीस मिनिटं बोलावत होता.

म्हणून रंग, हालचाल, आवाज, शिंगाचा भास, ह्यातलं काहीही पुरेसं नाही. डोकं, मान, खांदा असं जनावर तुकड्या-तुकड्याने नाही तर सलग दिसलं पाहिजे, नर का मादी हे सांगता आलं पाहिजे, आणि तोवर मनात "हा माणूस आहे" असंच धरून चालायचं. इथे अशा ज्या घटना घडल्यात त्यात बऱ्याचदा मारणारा आणि मरणारा एकाच ग्रुपचे निघालेत, तेव्हा जोडीदार नजरेआड झाला की शिकार बंद, तो परत दिसेपर्यंत. भगवं जॅकेट इथे सक्तीचं नाही, तरी घाल. आपल्याला तो रंग काही नवीन नाही. आणि मागे काय आहे ते बघ, .३०८ ची गोळी हरणाला चुकली तर किलोमीटरच्या किलोमीटर जाऊ शकते, आभाळाच्या रेघेवर उभ्या हरणाला कधी मारायचं नाही.

घरचं. तुझ्या बायकोचं टेन्शन रास्त आहे आणि लायसन्सच्या वेळी तिचीही मुलाखत झाली असेल, तेव्हा तिला सगळं दाखव. लोखंडी कपाट भिंतीला आणि जमिनीला बोल्टने ठोकलेलं, रायफल त्यात, रायफलचा बोल्ट काढून वेगळ्या कुलपात, गोळ्या तिसरीकडे कुलपात. चावी मात्र तिलाही देता येत नाही, तिच्याकडे लायसन्स नाही तोवर. चावी फ्रिजवर, देवघरात, गणपतीच्या मागे, असलं काही करू नकोस, तीन वर्षांच्या पोरीला देवघरातलं सगळं माहीत असतं. रायफल घेतलीस की रजिस्ट्रीत नोंद कर, जून २०२३ पासून ती सुरू झालीय. आणि दारू प्यायलेला दिवस आणि रायफल बाहेर काढलेला दिवस वेगवेगळे. साफसफाईसुद्धा आधी करायची, बिअर नंतर.

रायफल घ्यायच्या आधी एकदा हॅमिल्टनला ये. आमच्या रेंजवर होवा, टिक्का, रुगर तिन्ही कोणाकोणाच्या असतात, .३०८ चा एक डबा आण, स्वतःचे इअरमफ आण, जेवण माझ्याकडे. लायसन्सचं कार्ड विसरू नकोस, मागच्या वेळी एकजण तीन तास गाडी चालवून आला आणि कार्ड घरी, दिवसभर बिचारा टार्गेटचे कागद चिकटवत बसला.